तीनशे फाइली आणि सिमेंटचं अंगण

पत्राचा सारांश: एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्यांचा मूळ विषय भाषा. यंदा अकरा-बारा वर्षांच्या मुलांचा पर्यावरणाचा तास त्यांच्याकडे आला, तोही वेळापत्रकात त्यांचा एक तास मोकळा होता म्हणून. वर्गात ४६ मुलं, तास ३५ मिनिटांचा, शाळेभोवती सिमेंटचं अंगण आणि कोपऱ्यात एकच झाड. सुट्टीभर त्यांनी इंटरनेटवरून साहित्य जमवलं. माहितीपट, तक्ते, कृतिपत्रिका, खेळ, प्रश्नमंजूषा अशा तीनशेच्या वर फाइली झाल्या. त्यातलं काय घ्यावं हे ठरेना, म्हणून त्या दर तासाला एक चित्रफीत लावू लागल्या. वितळत्या हिमनद्यांवरची एक फीत संपल्यावर एका मुलीनं विचारलं, "बाई, आम्ही मोठे होईपर्यंत काही उरेल का?" मागच्या बाकावरून आवाज आला, "सगळंच जाणार आहे, तर अभ्यास तरी कशाला?" वर्ग हसला आणि त्या मुलीला रडू फुटलं. शिक्षिका विचारतात: सर्वांत चांगलं आणि भरवशाचं साहित्य कोणतं? विज्ञान न शिकलेल्या माणसानं हा विषय शिकवावा का? आणि मुलांना खरं किती सांगायचं?

बाई,

वर्गात मुलं मारतात तीच हाक मारते. मीही बरीच वर्षं त्या हाकेला ओ दिली आहे.

तुमचे तीन प्रश्न स्पष्ट आहेत, पण पत्र दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खटकली. त्या मुलीला तुम्ही काय उत्तर दिलंत, ते पत्रात कुठेच नाही. बहुधा घंटा झाली असावी. घंटेनं मलाही पुष्कळदा वाचवलं आहे. तिच्याकडे मी शेवटी येते, कारण तिला द्यायचं उत्तर नुसत्या शब्दांनी देता येणार नाही. त्याची तयारी आधीचे काही आठवडे करावी लागेल.

आधी त्या तीनशे फाइली. साहित्य कमी पडतंय किंवा योग्य साहित्य सापडत नाही, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. मला उलट वाटतं. तुमच्याकडे उत्तरांचा ढीग आहे आणि प्रश्न एकही नाही. मुलांना काय शोधायचं आहे हे ठरलं नसेल, तर कितीही सुबक कृतिपत्रिका दिली तरी मुलं ती पाच मिनिटांत भरून शेजाऱ्याच्या वहीत डोकावू लागतात. म्हणून तो फोल्डर, मी सांगेन ती एखादी गोष्ट सोडून, महिनाभर उघडूच नका. पुसू नका, फक्त उघडू नका. त्यातल्या काही गोष्टी पुढे कामी येतील, त्या कोणत्या तेही सांगते.

आता 'मला विज्ञान येत नाही' याबद्दल. १७३६ मध्ये इंग्लंडच्या नॉरफोकमध्ये रॉबर्ट मार्शम नावाच्या एका जमीनदारानं नोंदी ठेवायला सुरुवात केली. पहिलं फूल कधी दिसलं, कोणत्या झाडाला पालवी कधी फुटली, कोणता पक्षी कधी परतला, एवढंच तो लिहायचा. तो गेल्यावर घरच्यांनी त्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवल्या, थेट १९५८ पर्यंत. ऋतू कसे सरकत गेले हे तपासताना शास्त्रज्ञ आज त्या वह्या उघडतात. जपानमधल्या क्योतोतल्या चेरीच्या बहराच्या नोंदी तर इसवी सन ८१२ पासूनच्या सापडतात. त्या दरबारी रोजनिशांतून आणि जुन्या लेखनातून गोळा केलेल्या आहेत. बहर लिहून ठेवणाऱ्यांच्या मनात हवामानशास्त्र नव्हतं. त्यांनी पाहिलं आणि तारीख घालून लिहिलं.

पाहणं आणि नेमकं लिहिणं हे भाषेच्या शिक्षकाला येत नाही, असं तुम्ही म्हणू शकाल का? उलट, विज्ञानाचे शिक्षक (त्यांची क्षमा मागून) कधीकधी नाव सांगून मोकळे होतात. तुम्हाला नाव माहीत नाही, हा इथे फायदाच आहे.

तर पहिल्या आठवड्यात हे करा. आठ दोऱ्या घ्या, प्रत्येकी चार हात लांब. टोकं बांधली की हातभर लांब, हातभर रुंद असा चौकोन होतो. सहा-सहा मुलांचा एक गट आणि प्रत्येक गटाला एक चौकोन. तो कुठे टाकायचा हे गटानंच ठरवायचं: भिंतीच्या कडेला, झाडाच्या बुंध्याशी, गटाराच्या झाकणाजवळ, सिमेंटच्या भेगेवर. दहा मिनिटं फक्त बघायचं आणि लिहायचं. झाडाचं, किड्याचं, कशाचंच नाव लिहायचं नाही, अशी अट घाला. मुलं कुरकुरतील. त्यांना वर्णन करायला लावा.

तरीही कुणी तरी अट विसरून लिहील, "मुंग्या रांगेत जात होत्या." निबंधाची वही तपासताना तुम्ही जे प्रश्न समासात लिहिता, तेच इथे विचारा. किती? कुठून कुठे? तोंडात काही होतं का? दोघी समोरासमोर आल्या की काय करतात? मग रांगेवरून आडवं बोट जोरात घासायला सांगा, मुंग्यांना न चिरडता. मुंग्या त्या जागी अडखळतात, गोल फिरतात आणि थोड्या वेळानं पुन्हा वाट जुळवतात. त्या गंधाच्या वाटेनं चालतात, हे तुम्ही सांगायची गरज उरत नाही. 'बोटानं नक्की काय पुसलं गेलं?' हा प्रश्न वर्गात सोडून द्या आणि दोन दिवस उत्तर देऊ नका. फोल्डरमध्ये मुंग्यांवरची चांगली फीत असेल, तर तिसऱ्या दिवशी लावा. तेव्हा मुलं ती बघतील, कारण तोवर त्यांना काहीतरी जाणून घ्यायचं असेल.

सिमेंटच्या अंगणात निसर्ग नाही, हेही तुम्ही धरून चालला आहात. थोडं जवळ जाऊन बघा. जुन्या भिंतीवर किंवा झाडाच्या सालीवर राखाडी, हिरवट, पिवळसर पापुद्रे चिकटलेले दिसतात का? ती दगडफुलं. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला संसार. १८६६ मध्ये विल्यम नायलँडर या शास्त्रज्ञानं पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग उद्यानातल्या दगडफुलांचा अभ्यास मांडला. शहरातल्या हवेचा बरेवाईटपणा त्यांच्यावरून कळू शकतो, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. दगडफुलाला मुळं नसतात. पाणी आणि क्षार ते बरंचसं हवेतून घेतं, त्यामुळे हवेत जे असेल ते त्याच्या अंगाला लागतं. कोळसा-तेल जळताना निघणारा सल्फर डायऑक्साइड वायू वाढला की अनेक जाती आधी नाहीशा होतात. मात्र मुलांना लगेच 'दगडफूल नाही म्हणजे हवा घाण' असा निकाल देऊ देऊ नका. भिंत नुकती रंगवली असेल, ऊन फार असेल, साल गुळगुळीत असेल. काही जाती तर नत्रयुक्त प्रदूषणात उलट फोफावतात. एका खुणेवरून घाईनं निष्कर्ष काढायचा नाही, हा धडा मुलांना तक्त्यापेक्षा त्या भिंतीपाशी चांगला कळतो.

सिमेंटच्या अंगणात आणखी एक सोय आहे. तापमान. झाडाखाली आणि उघड्यावर, सकाळी आणि मधल्या सुट्टीत. हवेचं तापमान मोजताना थर्मामीटरवर थेट ऊन पडू द्यायचं नाही. उघड्यावर मोजतानाही त्याच्यावर पुठ्ठ्याची सावली धरायची, नाहीतर आकडा हवेचा न येता तापलेल्या काचेचा येतो. पाऱ्याचा थर्मामीटर मुलांच्या हातात नको. महिनाभराच्या नोंदी झाल्या की आलेख काढायला गणिताच्या शिक्षकांकडे पाठवा. त्यांनाही खरे आकडे हवेच असतात.

पाऊस आला तर त्याहून उत्तम. सरळ कडांचं भांडं उघड्यावर ठेवा आणि मोजपट्टीनं पाणी मोजा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. हे एक वाक्य सांगा आणि शाळेच्या छताचं क्षेत्रफळ काढायला लावा. छत २०० चौरस मीटर निघालं आणि १० मिलिमीटर पाऊस झाला, तर २,००० लिटर पाणी छतावर पडलं. ते कुठे गेलं? पन्हाळ कुठे उतरते? तिथून पुढे? मुलं गटाराचा माग काढत फाटकापर्यंत जातील. 'पाणी वाचवा' असं मग कुणाला वेगळं सांगायला नको.

आता तुमचा मुख्य प्रश्न: साहित्य कोणतं?

तयार साहित्याचे ढोबळ तीन प्रकार दिसतात आणि तिघांचे गुणदोष वेगळे आहेत. पहिला, शिक्षकांसाठी बांधलेले पूर्ण संच. अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झालेला 'प्रोजेक्ट लर्निंग ट्री' आणि १९८३ चा 'प्रोजेक्ट वाइल्ड' हे यातले जुने आणि घासून-तपासून झालेले. त्यातली उदाहरणं तिकडची आहेत, म्हणून जसेच्या तसे उचलू नका. त्यांच्या कृतींची बांधणी मात्र उचलण्यासारखी आहे. एकच सांगते, कारण ती तुमच्या अंगणासाठीच केल्यासारखी आहे: हरणांचा खेळ.

काही मुलं हरणं होतात, उरलेली अन्न, पाणी आणि निवारा. दोन रांगा समोरासमोर, पण एकमेकांकडे पाठ करून. पोटावर हात म्हणजे अन्न, तोंडावर हात म्हणजे पाणी, डोक्यावर हात म्हणजे निवारा. प्रत्येक हरणानं आपल्याला काय हवं ते मनात ठरवायचं, समोरच्या प्रत्येकानं आपण काय आहोत ते. इशारा झाला की वळायचं. ज्या हरणाला हवं ते समोर दिसतं, ते धावत जाऊन त्या मुलाला आपल्या रांगेत आणतं. म्हणजे हरणं वाढली. ज्याला मिळत नाही ते मरतं आणि पुढच्या फेरीत अन्न-पाणी-निवारा होतं. दर फेरीला हरणं मोजून फळ्यावर लिहायची. दहा-बारा फेऱ्यांनंतर वर-खाली होणारी नागमोडी रेघ तयार होते. एखाद्या फेरीत सगळ्या 'पाणी' मुलांना बाजूला काढा आणि काय होतं ते बघा. साहित्य: एक खडू. ४६ मुलं या खेळाला अडचण नाहीत, उलट जितकी जास्त तितकी रेघ खरी वाटते. तुमचा तो मागच्या बाकावरचा मुलगा या खेळात पुढे असेल, असं मला उगाच वाटतं.

याच प्रकारात 'इको-स्कूल्स' येतं. १९९४ पासून चालणारा हा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम आहे. मुलांची समिती, मग शाळेची तपासणी, मग कृती, अशा सात पायऱ्या आणि शेवटी हिरवा झेंडा. याची सुरुवात मला आवडते. वीज, पाणी, कचरा आपल्याच शाळेत कसा वापरला जातो ते मुलांनी स्वतः तपासायचं. धोका एवढाच, की झेंड्याचा ध्यास मुलांपेक्षा मोठ्यांना लागतो. मग फायली जाड होतात आणि मुलं फोटोपुरती उरतात. एकट्या शिक्षकानं पहिल्याच वर्षी यात पडू नये.

दुसरा प्रकार, नोंदी जागतिक साठ्यात जमा करणारे उपक्रम. १९९५ पासून चालणारा 'ग्लोब' हा नासाचं पाठबळ असलेला उपक्रम शंभराहून अधिक देशांतल्या शाळांत पोचला आहे. हवा, पाणी, माती, झाडं कशी मोजायची याच्या त्यांच्या पद्धती कुणालाही मोफत वाचता येतात. उपक्रमात नाव न नोंदवताही मोजण्याची शिस्त त्यातून शिकता येते. पक्ष्यांसाठी 'ई-बर्ड' आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा आणि पक्ष्यांच्या रक्षणासाठी काम करणारी ऑड्युबॉन संस्था यांनी ते २००२ मध्ये सुरू केलं. दर फेब्रुवारीत चार दिवस चालणारी 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' ही गणना तर नवख्यांसाठीच आहे. किमान पंधरा मिनिटं एका जागी थांबायचं, दिसतील ते पक्षी मोजायचे. पस्तीस मिनिटांच्या तासात बसणारा जागतिक उपक्रम मला दुसरा आठवत नाही.

फोटोवरून झाडं-किडे ओळखायला 'आय-नॅचरलिस्ट' हे संकेतस्थळ आहे, पण इथे सावध राहा. एक तर तेरा वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीशिवाय खातं उघडता येत नाही. दुसरं, वर्गच्या वर्ग एकदम कामाला लावला, की धूसर फोटोंचा आणि कुंडीतल्या झाडांचा पाऊस पडतो आणि ओळख पटवून देणारे स्वयंसेवक वैतागतात. शिक्षकांसाठीच्या त्यांच्या सूचनांतच याबद्दल इशारा दिलेला आहे. त्यांचंच 'सीक' हे ॲप मुलांसाठी बरं, त्यात खातं लागत नाही. तेही तुमच्या एका फोनवर आणि दोन आठवडे बिननावाचं निरीक्षण झाल्यावरच. फोन पहिल्याच दिवशी बाहेर आला, तर मुलं झाडाकडे न बघता पडद्याकडे बघतात.

तिसरा प्रकार म्हणजे चित्रफिती, तक्ते आणि आकड्यांनी भरलेली भित्तिपत्रकं. तुमच्या फोल्डरचा मोठा भाग हाच असणार, आणि भरवशाचा प्रश्न सर्वांत जास्त इथेच येतो. कोणती कंपनी किंवा संस्था यामागे आहे आणि तिला यातून काय हवं आहे, हे तर बघाच. कचरा फक्त वापरणाऱ्याच्या बेशिस्तीमुळे होतो, असं सांगणारं साहित्य कधीकधी त्या वस्तू बनवणाऱ्यांनीच पुरवलेलं असतं. पण त्याहून सोपी चाचणी आहे: हा आकडा कुणी आणि कसा मोजला असेल?

'प्लास्टिकची बाटली कुजायला ४५० वर्षं लागतात' हे पत्रक तुमच्याकडे नक्की असेल. पेयांच्या प्लास्टिक बाटलीचं पेटंट १९७३ मधलं आहे. म्हणजे ४५० वर्षं बाटलीकडे बघत बसलेलं कुणी नाही. तो अंदाज आहे, आणि ऊन, खारं पाणी, माती यांनुसार तो बदलतो. प्लास्टिक फार काळ टिकतं हे खरंच. पण मुलांना 'हे कसं कळलं असेल?' असं विचारायची सवय लागली, तर तो धडा बाटलीपेक्षा जास्त काळ टिकेल. 'ॲमेझॉनचं जंगल जगाचा २० टक्के प्राणवायू देतं' हेही असंच सर्रास छापलं जातं. ते जंगल जेवढा प्राणवायू तयार करतं, जवळजवळ तेवढाच तिथली झाडं, प्राणी आणि कुजणारा पालापाचोळा वापरून टाकतात. जंगल वाचवायची कारणं भक्कम आहेत, त्यात खोट्या कारणाची भर कशाला? आणखी एक गोंधळ मुलांच्या डोक्यात हमखास असतो: ओझोनच्या (उन्हातले घातक किरण अडवणाऱ्या, वातावरणातल्या वायूच्या थराच्या) छिद्रातून ऊन आत येतं म्हणून पृथ्वी तापते. एखादं साहित्य या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवत असेल, तर ते बाजूला ठेवा, चित्रं कितीही सुंदर असोत.

या ढिगातून एकच गोष्ट निवडायची झाली, तर मी एक आलेख निवडेन. चार्ल्स कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाईमधल्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे पृथ्वी तापवणारा वायू, मोजायला सुरुवात केली. तेव्हा तो दहा लाख भागांत सुमारे ३१३ भाग होता, आता ४२० च्या वर गेला आहे. हा आलेख स्पष्टीकरणाशिवाय फळ्यावर लावा आणि काय दिसतं ते विचारा. चढ दिसेलच. पण करवतीच्या दात्यांसारखी वर-खाली होणारी नक्षी एखादं तरी मूल दाखवेल. दर वर्षी मे महिन्याच्या सुमारास शिखर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळ. उत्तर गोलार्धात जमीन जास्त, म्हणून झाडं जास्त. उत्तरेकडच्या थंड प्रदेशांतल्या उन्हाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, ती वाढतात, कार्बन ओढून घेतात. नंतर पानं गळतात, कुजतात आणि तो परत सोडतात. अंगणातल्या झाडाच्या पानांची नोंद ठेवणाऱ्या मुलांना ही नक्षी परकी वाटणार नाही.

पाच जूनच्या पर्यावरण दिनाबद्दलही लिहायला हवं, कारण मुख्याध्यापक विचारणारच. स्टॉकहोममध्ये १९७२ साली झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेतून हा दिवस आला आणि १९७३ पासून पाळला जातो. घोषणा, फलक, रोप लावतानाचा फोटो होऊ द्या, त्यावर भांडत बसू नका. फक्त मुलांना आणखी एक काम द्या: गेल्या वर्षी लावलेल्या रोपांची हजेरी घ्यायची. किती जगली, किती गेली, का गेली. बऱ्याच ठिकाणी खड्डा तोच असतो आणि रोप दर वर्षी नवं असतं. मुलांनी हा हिशेब अदबीनं मांडला की पुढच्या वर्षी खड्डे कमी होतील आणि पाणी घालणारे वाढतील. (मुख्याध्यापकांना तो आधी एकांतात दाखवा. मी तसं न करण्याची चूक एकदा केली आहे.)

आता खरं किती सांगायचं. ऑक्टोबर १९७७ मध्ये जॉर्जियातल्या तिबिलिसी इथे युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं पर्यावरण शिक्षणावर पहिली आंतरसरकारी परिषद भरवली. तिथे या शिक्षणाची पाच उद्दिष्टं ठरली: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. आपण बहुतेक जण पहिल्या दोघांपाशीच घुटमळतो. मुलांना संकटाची जाणीव देतो, माहिती देतो आणि घंटा होते. हातात काही करायचं कौशल्य नाही, करायला जागा नाही, आणि डोक्यात वितळणारी हिमनदी. मग एक मूल रडतं आणि दुसरं टिंगल करतं. मला ती दोघं एकाच गोष्टीनं घाबरलेली दिसतात, फक्त त्याची भीती तिच्यासारखी डोळ्यांतून बाहेर आली नाही. त्याला रागावला असाल, तर त्याच्याशीही एकदा बोला.

तुमच्यापुढे दोन टोकं आहेत. एक, हे विषय बंद करून फुलं-पाखरांवर थांबायचं. लहान मुलांसाठी मी तेच सुचवते. सात-आठ वर्षांच्या मुलाला आधी किडा आवडू दे, किडे नाहीसे होत आहेत हे नंतर कळू दे. पण तुमची मुलं अकरा-बाराची आहेत. त्यांनी बातम्या ऐकल्या आहेत आणि तुम्ही गप्प बसलात तर तेही त्यांना उत्तरच वाटेल. दुसरं टोक, सगळं सांगून 'आता जग तुमच्याच हाती' असं म्हणायचं. हे तर कृपा करून कधीच म्हणू नका. बारा वर्षांच्या मुलानं वीजनिर्मिती ठरवलेली नाही आणि ती तो बदलूही शकत नाही. मोठ्यांचं ओझं त्याच्या दप्तरात टाकणं म्हणजे शिक्षण नव्हे.

मधली वाट अशी. संकट सांगायचं, पण त्याच तासात त्यावर काम करणारी मोठी माणसं आणि त्या कामाचा परिणामही दाखवायचा. यासाठी ओझोनची गोष्ट माझ्या हाताशी कायम असते. १९८५ मध्ये ब्रिटनच्या तीन शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचा ओझोन कमालीचा घटल्याचं प्रसिद्ध केलं. दोनच वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ रोजी, मॉन्ट्रियल करार झाला. शीतकपाटं आणि फवारे यांतली, ओझोन नष्ट करणारी रसायनं टप्प्याटप्प्यानं बंद झाली. पुढे जगातल्या सर्व देशांनी त्या करारावर सही केली. ओझोनचा थर आता हळूहळू भरून येतो आहे. अंटार्क्टिकावर तो १९८० च्या पातळीला यायला या शतकाची साठी उलटेल, हेही सांगा. तुमची मुलं तोवर पन्नाशी ओलांडून गेलेली असतील. एवढा वेळ लागतो, आणि तरीही ते होतं. तापमानवाढ याहून कितीतरी अवघड आहे, कारण कोळसा आणि तेल म्हणजे एखादं रसायन नव्हे. हा फरकही लपवू नका. मुलांना खोटा दिलासा लगेच ओळखू येतो.

तेव्हा ती मुलगी. तिला बाजूला घेऊन, बाकीच्यांसमोर नको, आधी एवढंच म्हणा, "त्या दिवशी तू विचारलंस आणि मी उत्तर दिलं नाही. मला तेव्हा सुचलं नाही." मग सांगा की ती विचारते ते बरोबर आहे, काही गोष्टी जात आहेत आणि काही परत येणार नाहीत. पण 'सगळं उरेल' किंवा 'काहीच उरणार नाही' अशा दोनच शक्यता नाहीत. पृथ्वीचं सरासरी तापमान दीड अंशानं वाढणं आणि दोन अंशांनी वाढणं यात फार मोठं अंतर आहे. जितकं थोपवलं, तितकं जास्त उरतं. प्रवाळांचे आकडे तुमच्यासाठी देते, तिच्यासाठी नव्हे. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय हवामान अहवालानुसार दीड अंशाला उथळ, उबदार समुद्रातली ७० ते ९० टक्के प्रवाळं जातील, दोन अंशांना ९९ टक्क्यांहून जास्त. भयंकर आहे, पण त्या अर्ध्या अंशात काय वाचतं तेही त्यातच आहे. आणि एखाद्या मुलाची झोप, भूक, खेळणं यांवर परिणाम दिसला, तर पर्यावरणाचा तास बाजूला ठेवून पालकांशी आणि शाळेच्या समुपदेशकाशी बोला.

व्यवहाराच्या चार गोष्टी. ४६ मुलं एकदम बाहेर काढू नका. अर्धी बाहेर, अर्धी आत लिहिताहेत, पंधरा मिनिटांनी अदलाबदल. आतल्या मुलांपाशी दुसरं कुणी बसणार असेल तर उत्तम, नसेल तर दार उघडं ठेवून अशा जागी उभ्या राहा की दोन्हीकडे नजर पोचेल. गटात प्रत्येकाला एक काम: एक लिहिणारा, एक मोजणारा, एक वेळ बघणारा, एक चित्र काढणारा, एक प्रश्न विचारणारा. सहाव्याला काम नसलं तरी चालतं, तो आपोआप काहीतरी भलतंच शोधून काढतो. अनोळखी किड्याला हात लावायचा नाही, दगड उचलला तर होता तसा परत ठेवायचा, आत येताना हात धुवायचे. कुणाला डंखाची ॲलर्जी आहे का ते पालकांना आधीच विचारून घ्या.

आणि एक जाड वही आणा, वर्गाची एकच. पहिल्या पानावर तारीख, आकाश, कोपऱ्यातल्या झाडाची स्थिती आणि चौकोनात काय दिसलं ते. दर आठवड्याला एक पान, दर वेळी वेगळ्या मुलाच्या अक्षरात. उत्तर न मिळालेल्या प्रश्नांसाठी मागची वीस पानं राखून ठेवा आणि वर्ष संपलं की ती वही पुढच्या वर्गाच्या हाती द्या. पहिलं पान कुणाकडून लिहवून घ्यायचं हे तुम्ही ठरवालच. मला विचाराल तर त्या मुलीकडून, आणि तिच्या शेजारी मोजपट्टी धरायला मागच्या बाकावरचा तो.